नऊचा नाश्ता आणि साडेपाचचा अंधार : आसाम-अरुणाचलची दहा दिवसांची सहल

औशात माझं खत-बियाणांचं दुकान आहे. मार्चअखेर म्हणजे आमचा निवांत काळ. हरभऱ्याची रास घरात आलेली असते आणि सोयाबीनच्या बियाणाला गिऱ्हाईक मे उजाडल्याशिवाय हात लावत नाही. यंदा या दिवसांत लातूरच्या एका टूरवाल्याबरोबर आसामातलं काझीरंगा, जोरहाट आणि अरुणाचलातली पासीघाट, आलो ही गावं अशी नऊ रात्री-दहा दिवसांची सहल केली. माणशी बासष्ट हजार, हैदराबादहून विमान. टूरवाल्याचं नाव लिहीत नाही. तो माझ्या एका जुन्या गिऱ्हाइकाचा साडू आहे आणि त्या गिऱ्हाइकाकडं माझी दोन हंगामांची उधारी अडकलेली आहे.

ठिकाणं यांनी झकास निवडली. हंगाम त्याहून झकास. फक्त वेळापत्रक लातूरच्या घड्याळावर आखलं, आणि आमचं जे काही नुकसान झालं ते सगळं तिथंच झालं.

आधी हंगामाचं सांगतो, कारण त्याचे मार्क द्यायलाच पाहिजेत. काझीरंगा पावसाळ्यात बंद असतं, ब्रह्मपुत्रेचं पाणी जंगलात शिरतं. थंडीत जावं तर चहाचे मळे छाटलेले, फॅक्टऱ्या बंद. आणि सण काही आपल्या सवडीनं येत नाहीत. अरुणाचलातल्या गालो जमातीचा मोपिन हा सण ५ एप्रिलला. जंगल उघडं, चहाला नवी पालवी आणि मोपिन, हे तिन्ही एका सहलीत बसवायचं तर मार्चअखेर ते एप्रिलचा पहिला आठवडा एवढीच फट उरते. ती यांनी बरोबर धरली.

आता घड्याळ. औशात त्या दिवसांत सूर्य सव्वासहाला उगवतो. आलोत पाचलाच डोक्यावर ऊन येतं आणि संध्याकाळी साडेपाचला दिवेलागण. देश एक, घड्याळ एक, सूर्य मात्र सव्वा तास पुढं. आमच्या टूरच्या मॅनेजर पोराच्या कागदावर रोज लिहिलेलं : ७ चहा, ८:३० नाश्ता, ९:३० प्रस्थान. म्हणजे दिवसाचा तिसरा हिस्सा आम्ही रोज हॉटेलात पोह्यांची वाट बघत घालवला. पहिल्या दिवशी मी त्याला म्हटलं, "अरे बाबा, साडेचारला फटफटायलंय, सहाला निघू की." तर म्हणतो, "काका, ग्रुपमधी सगळेच तुमच्यावानी नसतेत. बायामाणसाची आंघोळ असतीय." आमची मंडळी, म्हणजे बायको, तेव्हा आंघोळ करून, केस वाळवून गॅलरीत बसली होती.

काझीरंग्यात दुपारची जिप्सी मिळाली, बागोरी बाजूची. इथं मात्र तक्रार नाही. वनखातं थंडीत जुनं गवत जाळतं, त्यामुळं या दिवसांत हत्तीगवत कोवळं आणि कमरेएवढं. आतलं जनावर दिसतं. पहिला गेंडा रस्त्यापासून पंचवीस पावलांवर. कातडीच्या घड्या बघून मला पत्र्याच्या जुन्या टाकीचे जोड आठवले. मान खाली घालून तो गवत उपटत होता आणि ती उपटल्याची कचकच आम्हाला जिप्सीत ऐकू येत होती. चिखलात रानम्हशी, शिंगं अशी पसरलेली की आपल्या गोठ्याच्या दारातून आत येणार नाहीत. ड्रायव्हरनं एक गोष्ट दाखवली ती मला सगळ्यात आवडली. गेंडे शेण टाकायला ठरलेल्या जागीच येतात. वाटेच्या कडेला गुडघाभर उंचीचा ढीग, आपल्याकडचा उकिरडाच. वासावरून त्यांना कळतं म्हणे, कोण येऊन गेलं. शतकापूर्वी इथं बोटांवर मोजण्याइतके गेंडे उरले होते. २०२२ च्या मोजणीत २,६१३ भरले. वाघ दिसला नाही. ग्रुपमधल्या दोघांनी त्यावरून तोंड वाकडं केलं ते गुवाहाटीच्या विमानापर्यंत सरळ झालं नाही.

जोरहाटजवळच्या होलोंगापार अभयारण्यात घड्याळानं पहिला दणका दिला. हुलॉक गिबन हा भारतातला एकमेव वानर. माकड वेगळं, वानर वेगळं, याला शेपूट नसते. सकाळी नर-मादी मिळून जंगल दणाणून सोडतात. आम्ही पोचलो साडेदहाला. गार्ड म्हणाला, गाणं तर कधीच संपलं. मान मोडेपर्यंत वर बघितलं तेव्हा शेंड्यात एक काळा नर दिसला, पांढऱ्या भुवयांचा, हातांवर झोके घेत गेला. आठ-दहा सेकंद. सकाळचे पोहे मात्र गरम होते.

दुसरा दणका चहाच्या मळ्यात. तिथं 'बागान टाइम' चालतो. इंग्रजांच्या काळापासून मळ्यांची घड्याळं तासभर पुढं लावलेली, उजेडाचा दिवस कामाला मिळावा म्हणून. दीडशे-दोनशे वर्षांपूर्वी जे शहाणपण मळेवाल्यांना सुचलं, ते आमच्या टूरवाल्याला सुचायचंय. आम्ही अकराला पोचणार होतो, पोचलो बाराला. आमच्या बाराला त्यांचा एक. बायका तोडणी थांबवून जेवायला गेलेल्या. मॅनेजर पोरानं लगेच दोन टोपल्या भाड्यानं आणल्या आणि सगळ्यांना पाठीवर टोपली घेऊन फोटोला उभं केलं. माझ्याही मोबाइलमध्ये तो फोटो आहे, नाकारत नाही.

मी आणि मंडळी झाडं बघत बसलो. कमरेएवढी झुडपं, टेबलासारखी सपाट छाटलेली, मधूनमधून सावलीला शिरीषाची झाडं. धंदाच पाल्याचा, त्यामुळं मी वाकून पान उलटं करून कीड बघितलीच. थोड्या वेळानं बायका परतल्या. तोडणी म्हणजे काय ते तेव्हा कळलं : दोन पानं आणि मधली कळी, दोन्ही हातांनी, नजर भलतीकडं, गप्पा चालू. मंडळीनं एकीजवळ उभं राहून तोडून बघितलं. चार वेळा तोडलं, चारही वेळा देठासकट तिसरं पान आलं. ती बाई हसली आणि मंडळीच्या हातातलं तिसरं पान काढून टाकलं. यांचे आजे-पणजे छोटा नागपूर, ओडिशाकडून मळ्यांच्या कामाला आणलेले. ऊसतोडीला गाव सोडणारी माणसं आपण दर दिवाळीनंतर बघतो, त्यामुळं ही गोष्ट आम्हाला फार समजावून सांगावी लागली नाही. फरक एवढाच की हे परत गेलेच नाहीत.

फॅक्टरीत मात्र मन रमलं. लातूरच्या डाळमिलमध्ये ज्याचा जन्म गेलाय त्याला ती बघताच ओळखीची वाटेल. तोच घरघराट, तेच चाळण्यांचे मजले. पाला रात्रभर पंख्याच्या हवेवर सुकवतात, मग दातेरी रुळांतून चिरडून, फाडून, वळून काढतात. सीटीसी म्हणतात ते हेच. रुळाखालून निघतो तेव्हा हिरवागार भुगा असतो आणि पसरून ठेवला की डोळ्यांदेखत तांब्याच्या हंड्याचा रंग धरतो. वास कसा? कडब्याची गंजी भिजून आतून तापते तेव्हा येतो ना, त्याच्या जवळचा, पण गोडसर. साडेचार किलो पाल्याची एक किलो पत्ती होते. शेवटच्या चाळणीखाली जी बारीक डस्ट पडते, ती हातात घेतली तेव्हा म्हटलं, बरं झालं भेटलीस, औशाच्या स्टँडवर रोज सकाळी तुलाच पितो.

पुढं दिब्रुगडहून बोगीबील पुलावरून ब्रह्मपुत्रा ओलांडली. ४.९४ किलोमीटर, खाली रेल्वे, वर रस्ता. बसमध्ये आधी अंताक्षरी चालली होती, ती मधेच बंद पडली. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेच्या टाक्यांतून लातूरला पाणी आलं होतं, पहिल्या गाडीत पाच लाख लिटर. हंडे घेऊन रांगेत उभे राहिलेले चार-पाच जण त्या बसमध्ये होते. उदगीरचे एक गुरुजी खिडकीला नाक लावून एवढंच म्हणाले, "आन् हे सगळं समुद्रात जातंय?" बस गाडीतळावर लागेपर्यंत त्यांना कुणी उत्तर दिलं नाही.

अरुणाचलात शिरायला इनर लाइन परमिट लागतं. हे काम टूरवाल्याचं होतं आणि त्यानं घाईत केलं. दोघांची नावं आधार कार्डाशी जुळेनात, एकाच्या जागी दुसऱ्याचा फोटो. रुकसिनच्या गेटवर दीड तास बस उभी. पोलीस सभ्य होते, चूक आमचीच होती. जाणाऱ्यांनी परमिटचा कागद स्वतः वाचून बघावा, टूरवाल्यावर सोडू नये. तो दीड तास आम्ही चिवडा आणि शेंगदाण्याच्या लाडवांवर काढला.

पासीघाट ते आलो अंतर शंभर किलोमीटरच्या आसपास, पण सियांग नदीच्या कडेकडेनं डोंगर कोरलेला रस्ता. अर्धा दिवस गेला. ज्यांना गाडी लागते त्यांनी पुढं बसावं. आमच्या बसमध्ये लिंबं कमी पडली.

आणि मोपिन. ज्याच्यासाठी पैसे वसूल झाले म्हणेन तो दिवस हाच.

मैदानावर गालो बायका पांढऱ्या वस्त्रांत, गळ्यात मण्यांच्या माळांचे थरच्या थर. एकमेकींचे हात धरून लांबच लांब ओळ, सावकाश पावलं टाकत पोपिर नाच. ढोल-ताशाचा दणका नाही. गाण्याच्या लयीवर पन्नास-साठ पावलं एकदम जमिनीला टेकायची. आम्ही बाजूला उभे होतो तर एक आजी आली, हातात तांदळाच्या पिठाची वाटी. काही न विचारता माझ्या दोन्ही गालांना पीठ फासलं, मग मंडळीच्या. मंडळीच्या चष्म्याच्या काचाही पांढऱ्या झाल्या. पीठ लावणं म्हणजे शुभ, या पिकाला बरकत येवो. मोपिन ही भरभराटीची देवी, सण पेरणीच्या हंगामाचा.

मंडळी चष्मा पुसत म्हणाली, "आवं, हे तं आपल्या येळवशीवानीच हाय की!"

खरंच होतं. येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला, आपण शिवारात कडब्याची कोप, म्हणजे खोपी, करतो, पाच पांडवांचे दगड मांडून त्यांना चुना लावतो, हिरव्या पिकात आंबील शिंपडतो आणि वाटेनं जाणाऱ्या अनोळखी माणसालाही भज्जी-उंडे खाल्ल्याशिवाय पुढं जाऊ देत नाही. इथंही तेच. बांबूच्या मांडवात बसवलं, रुंद पानात बांधलेला भात, बांबूच्या कोंबांची आंबूस भाजी आणि अपोंग. अपोंग म्हणजे तांदळाची, घरी आंबवलेली. गुरुजींनी "आंबीलच समजा" म्हणून एक पेला घेतला, मग आंबील समजून दुसराही घेतला. सणात मिथुनाचा बळी देतात. हे जनावर गव्याच्या अंगाचं पण स्वभावानं गरीब, दावणीला नसतं, रानात मोकळं चरतं, मालक मीठ दाखवून बोलावतो. बळी ज्यांना बघायचा नव्हता ते लांब उभे राहिले. कुणी त्यांना हसलं नाही, कुणी ओढलंही नाही.

पण हे सगळं किती वेळ? आम्ही मैदानावर पोचलो साडेअकराला आणि दोनला पोरगा शिट्टी वाजवायला लागला. "काका, चला की, उशीर व्हायलाय. महाराजानं पिठलं-भाकरी करून ठेवलीय." दोन हजारांहून जास्त किलोमीटर येऊन, समोर पानातला भात सोडून, आम्ही हॉटेलात पिठलं खायला गेलो. महाराजाच्या हाताला चव आहे, भाकरी तर घरच्यासारखी, ज्यांना बाहेरचं चालत नाही त्यांची सोय यांनी उत्तम केली. पण सण म्हणजे काही धबधबा नव्हे की 'पॉइंट' झाला, फोटो काढला, बसा गाडीत. येळवशीला कुणी अडीच तासांसाठी आलं तर त्याला आपण काय म्हणू?

बाकीचं थोडक्यात. हॉटेलं ठीक, आलोतलं साधं पण स्वच्छ. बस चांगली, आसामी ड्रायव्हर सोन्यासारखा. गुवाहाटीत खरेदीला पूर्ण दुपार ठेवली होती, ती मोपिनला द्यायला हवी होती. पाचपैकी साडेतीन. अर्धा काटला तो परमिटचा, एक काटला तो घड्याळाचा.

परवा त्याच पोराचा फोन आला. पुढच्या वर्षी 'मोपिन स्पेशल' काढायलेत, दोन दिवस आलोतच मुक्काम, जुन्या गिऱ्हाइकाला सूट. मंडळीनं खुणेनंच हो म्हटलं. मी विचारलं, मैदानावर जायला हॉटेलातून निघणार किती वाजता?

"नाश्ता करून, काका. नऊ-साडेनऊ."