आधी काय बदलायचं: स्की बूट की बाइंडिंग?

दोन्ही जुनं झालंय आणि खर्च एकाचाच झेपणार असेल, तर बहुतेक वेळा आधी बूट तपासावेत. बूट वापराने संपतात. बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणारा आणि पडताना सोडणारा भाग, वापराने कमी आणि वयाने जास्त बाद होतं.

बुटात सगळ्यात आधी दबतं ते लायनर, म्हणजे आतला मऊ बूट. साधारण ५० ते १०० दिवसांच्या स्कीइंगनंतर फोम बसतो, बकल एक-दोन खाचा पुढे ओढावं लागतं आणि वळण घेताना टाच उचलली जाते. एवढ्यावरून नवे बूट घेऊ नका. लायनर काढून नुसत्या शेलमध्ये, म्हणजे बाहेरच्या कडक कवचात, पाय घाला, बोटं पुढे टेकवा आणि टाचेमागची जागा मोजा. दीड-दोन सेंटिमीटर असेल तर फक्त लायनर बदलून भागतं. अडीचच्या वर असेल तर शेलच मोठं आहे, त्यात नवं लायनर घालणं म्हणजे पैसे वाया.

शेल २०० दिवसांच्या आसपास साथ देतं. पण शेलचं प्लास्टिक, म्हणजे पॉलियुरेथेन, ओलाव्याने आतून ठिसूळ होत जातं, त्यामुळे दहा-पंधरा वर्षं नुसता पडून असलेला, दिसायला कोरा बूट बर्फावर अचानक फुटू शकतो. रोज लायनर बाहेर काढून वाळवा, हीटरला टेकवून नको. ठेवताना बकलं हलकी लावा, म्हणजे शेलचा आकार टिकतो.

बाइंडिंगला रस्त्यावरचं मीठ खातं. साध्या पाण्याने धुवा. जोराचा फवारा किंवा डिग्रीझर वापरला तर आतलं ग्रीस निघून जातं. चवड्याखालची घर्षण कमी करणारी पट्टी फाटली असेल तर बूट बाजूला सहज सरकत नाही, बाइंडिंग वेळेवर सुटत नाही आणि भार गुडघ्यावर येतो. बाइंडिंग किती जोराला सुटतं याची दर हंगामाआधी मशीनवर तपासणी हवीच. कंपनीने जुन्या मॉडेलची जबाबदारी घेणं थांबवलं की बहुतेक दुकानं ते जुळवून देत नाहीत. अशा वेळी स्प्रिंग कितीही ठणठणीत असली तरी आधी बाइंडिंगच बदला. इथे तडजोड नको.

बूट घेण्याआधी सोल मात्र बघाच. जुनी बाइंडिंग बहुधा आयएसओ ५३५५ या मानकाच्या सपाट सोलसाठीच असतात. ग्रिपवॉक सोल, म्हणजे चालायला सोपा, वक्र सोल (मानक आयएसओ २३२२३), त्यांत चालत नाही, आणि मग एकाऐवजी दोन्हींचा खर्च येतो. डांबरावर चालून टोक गोल झालेला सोलही बाइंडिंगचं गणित बिघडवतो. काही बुटांचे सोल स्क्रू काढून बदलता येतात. बदलल्यावर बाइंडिंग पुन्हा जुळवून, मशीनवर तपासून घ्या.