एअर सस्पेन्शन: पॅसिव्ह की अ‍ॅक्टिव्ह?

सस्पेन्शन म्हणजे चाकं आणि गाडी यांच्यामधली, रस्त्याचे धक्के झेलणारी यंत्रणा. एअर सस्पेन्शनच्या या दोन्ही प्रकारांत लोखंडी स्प्रिंगच्या जागी हवेने भरलेले रबरी फुगेच असतात. त्या हवेवर ताबा कोणाचा, हा खरा फरक. पॅसिव्हमध्ये यांत्रिक व्हॉल्व्ह असतो. दादरहून पुण्याला निघालेली बस प्रवाशांनी भरून दबली की त्याचा दांडा हलतो, फुग्यांत हवा शिरते आणि बस मूळ उंचीवर येते. शॉक अ‍ॅब्सॉर्बरचा (गाडीचं उसळणं आवरणाऱ्या भागाचा) कडकपणा मात्र ठरलेलाच.

अ‍ॅक्टिव्हमध्ये सेन्सर गाडीची उंची सतत मोजतात, कॉम्प्युटर हवा कमी-जास्त करतो आणि बऱ्याच गाड्यांत शॉकचा कडकपणाही बदलतो. मर्सिडीजच्या एस-क्लासमध्ये हे १९९८ साली आलं. एक्स्प्रेसवेवर वेग वाढला की गाडी खाली बसते; पाणी साचलेल्या हिंदमात्याला बटण दाबून थोडी उचलता येते. (चाकाला स्वतः जोर लावणारी पूर्ण अ‍ॅक्टिव्ह यंत्रणा याहून वेगळी, आणि फार थोड्या गाड्यांत.)

आरामाच्या बाबतीत अ‍ॅक्टिव्हच सरस. पण फुगा झिजून गळू लागला की हवा भरणारा कॉम्प्रेसर जास्त चालतो आणि अखेर जळतो. खड्ड्यांच्या मुंबईत हा खर्च आधीच धरावा. रोज धावणाऱ्या बससाठी मी पॅसिव्हच घेईन. तिथे हवा ब्रेकच्याच कॉम्प्रेसरमधून मिळते आणि बिघाड शोधायला लॅपटॉप लागत नाही.