विषयवार चर्चेचं ॲप, वर्षभरानंतर: बाकी सगळं मावतं, शीर्षक तेवढं मावत नाही

गेल्या महिन्यात आमच्या बागकाम गटातल्या दोन चर्चा एकमेकींत मिसळल्या. त्या पुन्हा सुट्या करायची सोय आहे, पण ती पैसे भरणाऱ्यांना, असं उत्तर आलं. म्हणून हा अनुभव लिहायला घेतला. ॲपचं नाव देत नाही, कंपनीशी पत्रव्यवहार अजून चालू आहे. जे वापरतात त्यांना चार ओळींत ओळखू येईल. विषय घातल्याशिवाय संदेश जात नाही, प्रत्येक विषयापुढे न वाचलेल्यांचा आकडा येतो, हे सगळं तुम्हाला माहीत आहे असं धरून चालतो.

आधी चांगलं सांगून टाकतो, कारण पुढे सांगायची इच्छा राहणार नाही.

पूर्वी आम्ही सगळे एकाच खिडकीत बोलायचो. सकाळी कुणी विचारायचं, मिरचीची पानं का मुरडतात? उत्तर यायच्या आत कुणाचा तरी गुलाब फुललेला असायचा, त्यावर वाहवा सुरू, आणि मिरची गेली वर. आठवड्याने तोच प्रश्न दुसरा कुणी विचारायचा. ज्या दोघाचौघांना उत्तर ठाऊक असायचं ते कंटाळून गप्प. विषयवार मांडणी आल्यापासून हे जवळजवळ थांबलं. ज्याला गुलाबात रस नाही तो गुलाबाचा विषय म्यूट करतो आणि गटात राहतो. पूर्वी असे लोक गटच सोडून जायचे. कंपोस्टच्या विषयात तर इतकं साठलंय की नव्या माणसाला आता मी काही समजावत बसत नाही, दुवा पाठवतो आणि वर म्हणतो, वासाची तक्रार असेल तर मधला भाग वाचा.

विषय सक्तीचा असणं सुरुवातीला लोकांना जाच वाटला. पहिले काही आठवडे विषयाच्या जागी ‘प्रश्न’, ‘फोटो पाहा’, ‘मदत हवी’ असलंच यायचं. ‘मदत हवी’ नावाच्या चर्चांची रांग लागली होती. एक काका अजूनही सगळं ‘सर्वसाधारण’मध्येच लिहितात आणि आम्ही मागाहून हलवतो. हलवलेल्या संदेशाच्या जुन्या जागी एक ओळ राहते, तिच्यावर टिचकी मारली की माणूस नव्या जागी पोचतो. पूर्वी ‘माझा मेसेज कुणी उडवला?’ म्हणून काकांचा फोन यायचा, तो या एका ओळीमुळे बंद झाला. ज्याने कुणी ही ओळ सुचवली त्याचं कौतुक.

आता शीर्षक.

विषयाच्या शीर्षकाला 64 ची मर्यादा आहे असं मदतीच्या पानावर लिहिलंय. 64 काय, ते लिहिलेलं नाही. रोमनमध्ये टंकलं तर 64 अक्षरं बसतात. देवनागरीत 21 चिन्हं झाली की संपलं. म्हणजे हे लोक अक्षरं मोजतच नाहीत, बाइट मोजतात, यंत्रातली साठवणीची जागा मोजायचं माप. अक्षरं यंत्रात साठवायच्या यूटीएफ-8 या पद्धतीत साध्या रोमन अक्षराला एक बाइट लागतो आणि देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन. त्यातही चिन्ह वेगळं आणि आपल्याला दिसतं ते अक्षर वेगळं. ‘टोमॅटोच्या’ मधला ‘च्या’ डोळ्यांना एकच दिसतो. यंत्राच्या लेखी तो च, हलन्त, य आणि काना अशी चार चिन्हं, म्हणजे 12 बाइट. एका षष्ठीच्या प्रत्ययात पाचवा हिस्सा जवळजवळ गेला! बरं, जागा संपली तर तसं सांगावं. तेही नाही. पेटीत शीर्षक पूर्ण टंकता येतं, पूर्ण दिसतं, आणि जतन केलं की शेपूट गुपचूप कापलं जातं.

मराठीत एसएमएस केलेल्यांना हे दुखणं जुनंच आहे. रोमनमध्ये 160 अक्षरांचा संदेश, देवनागरीत 70 चा. पण तिथे संदेशाची जागाच मुळात 140 बाइटची होती आणि 71 वं चिन्ह टंकलं की फोन सांगायचा, आता दोन संदेश झाले. इथे कसली आलीय टंचाई? एकेका कुंडीचे भलेमोठे फोटो बिनतक्रार घेतात, आणि शीर्षकाला 64 बाइट.

‘एवढ्याशा गोष्टीचं काय’ म्हणणाऱ्यांसाठी पुढचं.

एका ताईंनी विषय उघडला, ‘टोमॅटोच्या पानांवर पांढरे डाग’. काही दिवसांनी काकांनी, चक्क ‘सर्वसाधारण’ सोडून, स्वतःचा विषय उघडला, ‘टोमॅटोच्या पानांवर पांढरी माशी’. यादीत दोन्ही कसे दिसले? ‘टोमॅटोच्या पानांवर पां’ आणि त्याखाली ‘टोमॅटोच्या पानांवर पां’. ढ पासून पुढचं दोघांचंही गेलं. आमच्या दुसऱ्या ॲडमिनना एकाच नावाचे दोन विषय दिसले, त्यांनी ‘एकत्र करा’ दाबलं. त्यांच्या जागी कुणीही दाबलं असतं.

पांढरे डाग म्हणजे भुरी, बुरशीचा रोग, पानावर पीठ भुरभुरल्यासारखा. पांढरी माशी म्हणजे पानाच्या खालच्या बाजूला बसून रस शोषणारी कीड. एकाचा उपाय दुसऱ्याला लागू नाही. भुरीच्या चर्चेत गंधकाची फवारणी सुचवलेली, माशीच्या चर्चेत निंबोळी तेल आणि पिवळे चिकट सापळे. एकत्र केल्यावर सगळे संदेश तारीखवेळेप्रमाणे एकाखाली एक लागले, आणि कुणी कुणाला उत्तर दिलंय ते दाखवणारी बारीक रेघ पडद्यावरून गायब झाली. परिणाम असा: एक संदेश ‘गंधक मारा, आठवड्याने पुन्हा’, लगेच खाली ‘हो, आणि पानाच्या खालून मारायला विसरू नका, तेल नीट घुसळून घ्या’. आपापल्या चर्चेत दोन्ही सल्ले ठीक होते. पण गंधक आणि तेल एकाच झाडावर दोन आठवड्यांच्या आत पडलं तर पानं भाजतात. ही गोष्ट फवारणी करणाऱ्यांना माहीत असते, पहिल्यांदा टोमॅटो लावणाऱ्याला कुठून माहीत असणार?

काकांचा फोन आला. “अहो, मी माशीचं विचारलं होतं. आता आधी गंधक मारायचं की आधी तेल?”

“काका, काहीच मारू नका. आज तरी नको.”

“पण तिथे लिहिलंय की.”

तिथे लिहिलं होतं हे खरंच. तेवढ्यासाठीच तर आम्ही सगळं लिहून ठेवत होतो.

कोण कुणाला उत्तर देतंय हे जपणं काही नवं शास्त्र नाही. ईमेलच्या 1982 च्या आरएफसी 822 या नियमावलीत पत्राला स्वतःचा ओळखक्रमांक देण्याची आणि उत्तरात ‘हे अमुक पत्राला’ असं नोंदवण्याची सोय आहे. पत्रं कितीही कालवा, त्या नोंदींवरून धागे परत जुळवता येतात. इतक्या जुन्या गोष्टीसाठी यांना सशुल्क योजना लागते.

तक्रार केली. तक्रारीचा विषय मराठीत घातला: ‘मराठी शीर्षक अर्धवट कापलं जातं’. पोच आली, तिच्यात विषय होता ‘मराठी शीर्षक अर्धवट काप’. मी जणू हुकूम सोडला होता आणि त्यांनी तो तत्परतेने पाळला होता. पहिलं उत्तर: कॅशे साफ करा. दुसरं: फोनमधला फॉन्ट लहान करा, शीर्षक पूर्ण दिसेल. जे साठवलंच नाही ते फॉन्ट लहान करून कसं दिसणार? तिसऱ्या खेपेला बाइटची मोजणी मांडून पाठवली, तेव्हा ‘तांत्रिक विभागाकडे सोपवत आहोत’. आणि मिसळलेल्या चर्चांबद्दल: वरच्या योजनेत ‘पूर्ववत करा’ हे बटण मिळतं. सदस्यामागे, महिन्यामागे पैसे.

हा आमचा गट बिया एकमेकांना फुकट वाटणाऱ्यांचा आहे. वर्गणी नाही, हिशेब नाही, खजिनदार नाही. आणि माझा स्वभाव असा की उन्हाने फुटलेली कुंडीसुद्धा तार बांधून दोन हंगाम चालवतो. यांनी शीर्षक कापलं म्हणून गफलत झाली आणि ती निस्तरायला पैसे मी भरायचे, हे माझ्याच्याने होणार नव्हतं.

इथपर्यंतचा मजकूर लिहून ठेवला होता आणि एक तारा द्यायचा हे पक्कं होतं. मग मध्ये दोन गोष्टी घडल्या.

पहिली: गटातल्या एका कॉलेजच्या मुलीने विचारलं, “दादा, एक्स्पोर्ट करून बघितलंत का?” सेटिंगच्या तळाशी तो पर्याय आहे, फुकट योजनेतही आहे, आणि मी आजवर त्याला हात लावला नव्हता, कारण सोडून जाणाऱ्यांसाठी असतं तसलं काहीतरी असेल असं वाटायचं. तिने फाइल उतरवून घेतली. त्यात प्रत्येक संदेशापुढे तो मुळात कोणत्या विषयात होता आणि कोणत्या संदेशाला उत्तर होता, दोन्ही शाबूत. कापलेली शीर्षकं मात्र त्यातही कापलेलीच, तेवढं सातत्य आहे. तिने संध्याकाळभरात दोन्ही चर्चा वेगळ्या केल्या आणि नव्या विषयांत चिकटवल्या. आता ते सगळे संदेश तिच्या नावावर दिसतात, मूळ लिहिणाऱ्याचं नाव कंसात. देखणं नाही, पण गंधक एकीकडे आणि तेल दुसरीकडे झालं. जुनी मिसळलेली चर्चा आम्ही कुलूपबंद करून वर सूचना लावली.

फुकट वापरणाऱ्याला त्याचा सगळा मजकूर, सगळ्या धाग्यादोऱ्यांसकट, एका टिचकीत परत देणारे फार नाहीत. इथे माझा राग निम्म्याने उतरला, हे लपवत नाही.

दुसरी: नव्या अपडेटमध्ये शीर्षकाच्या पेटीखाली उलटा मोजणारा आकडा आला. 64 वरून खाली येतो, आणि ‘च्या’ टंकला की 12 ने घसरतो. मर्यादा तीच. निदान कापाकापी आता डोळ्यांदेखत होते. माझ्या तक्रारीमुळे आला की काय कळायला मार्ग नाही, कारण तक्रार मध्यंतरी ‘ग्राहकाकडून प्रतिसाद नाही’ म्हणून आपोआप बंद झाली होती. प्रतिसाद त्यांच्याकडून येणं बाकी होतं. पुन्हा उघडलीय. या वेळी विषय तीन शब्दांत.

तोवर आम्ही शीर्षकाचा आमचा रिवाज पाडलाय. रोग किंवा कीड आधी, झाड मागे, प्रत्यय शक्यतो नाहीत. ‘पांढरी माशी: टोमॅटो’ 51 बाइटमध्ये बसतं. ‘भुरी: टोमॅटो’ तर आरामात. याचा एक फायदा नंतर लक्षात आला, तो शोधात. या ॲपचा शोध जसंच्या तसं जुळवतो. ‘फूल’ शोधलं तर ‘फुलं’ आणि ‘फुलांना’ सापडत नाहीत, ‘कीड’ शोधलं तर ‘किडीचा’ नाही, कारण दीर्घाचा ऱ्हस्व झाला की त्याच्या दृष्टीने शब्दच बदलला. शीर्षकात मूळ रूप ठेवलं की निदान विषय तरी हाती लागतो. काही जणांना हे कोरडं वाटतं. एक ताई म्हणाल्या, “हे काय दवाखान्याच्या केसपेपरसारखं! माझा मोगरा रुसलाय असं मी लिहू नये का?” लिहा की, पहिल्या संदेशात पानभर लिहा. शीर्षकात ‘कळीगळ: मोगरा’.

बराच काळ कुणी बोललं नाही की विषय आपोआप मिटतो, याबद्दलही पूर्वी चिडलो होतो. बागेत गेल्या हंगामाचा प्रश्न या हंगामात पुन्हा येतो, तेव्हा जुना विषय हवाच असतो. पण मिटलेल्या विषयात उत्तर टाकलं की तो परत उघडतो, आणि मधल्या काळात यादी आटोपशीर राहते. ही तक्रार मागे घेतली.

घ्यायचं असेल तर इतकं करा. आधी एक रिकामा विषय उघडा, तुमच्या गटातलं सगळ्यात लांब शीर्षक त्यात टाका आणि जतन केल्यावर काय उरतं ते बघा. ‘एकत्र करा’चा अधिकार एकाच माणसाकडे ठेवा आणि त्याला सांगा, नाव सारखं दिसलं तरी आत जाऊन पहिला संदेश वाच. एक्स्पोर्ट महिन्यातून एकदा काढून ठेवा. सशुल्क योजना घेऊ नका. त्यातही शीर्षकाला 64 बाइटच आहेत, विचारून घेतलंय.

तीन तारे. दोन एक्स्पोर्टचे, एक कंपोस्टच्या चर्चेचा.