नांगर एकीकडेच खोल जातो? लिफ्ट उघडू देऊ नका

जुन्या मिनी ट्रॅक्टरचा दोन फाळांचा नांगर उजवीकडे खोल, डावीकडे वरवर चालत होता. गॅरेजवाल्यानं उभ्या उभ्या सांगितलं, "लिफ्ट गेली." (लिफ्ट म्हणजे तेलाच्या दाबानं नांगर वर-खाली करणारी ट्रॅक्टरची यंत्रणा.) सील किट, पिस्टन, ऑइल, मजुरी मिळून बिल साडेसात हजार. वावरात तास (नांगराचे चर) सारखे निघाले, म्हणून कोणाला शंका आली नाही. मग उजव्या लिफ्ट रॉडकडे, म्हणजे लिफ्टच्या आर्मपासून खाली नांगराच्या जोडणीकडे येणाऱ्या, फिरवून लांब-आखूड होणाऱ्या दांड्याकडे लक्ष गेलं. आट्यांवर वर्षानुवर्षं बसलेली काळी माती खरवडून तोंडाशी गोळा झाली होती. म्हणजे रॉड फिरवून आखूड केला होता. दुरुस्ती एवढीच!

लिफ्टचे दोन्ही आर्म एकाच शाफ्टवर असतात. पंप किंवा सील गेलं तर नांगर उचलत नाही किंवा हळूहळू खाली बसतो. पण एकच बाजू खाली जात नाही. शाफ्टवरचा आर्म वाकला किंवा त्याचे दाते झिजले, तर गोष्ट वेगळी.

आधी मागच्या दोन्ही टायरमधली हवा सारखी करा. नांगरताना उजवं चाक तासात चालतं, ट्रॅक्टर तिकडे कलतो. म्हणून सहा इंच खोल नांगरायचं असेल तर सपाट जागेवर डावीकडची पुढची-मागची चाकं सहा इंचांच्या ठोकळ्यांवर चढवा आणि नांगराची फ्रेम आडवी सपाट होईपर्यंत उजवा रॉड फिरवा. पुढचा फाळ खोल अन् मागचा उथळ जात असेल तर टॉपलिंक (नांगराला वरून ट्रॅक्टरशी जोडणारा मधला दांडा) थोडी लांब करा. (पलटी नांगराला, म्हणजे उलटवून दोन्ही बाजूंनी चालणाऱ्या नांगराला, उजवा रॉड फिरवण्याची ही रीत लागू नाही; त्याचे दोन्ही रॉड सारखे ठेवून नांगरावरच्या स्टॉप बोल्टनं सपाटी जुळवतात.)

तरीही फरक राहिला तर प्रत्येक फाळाच्या टोकापासून फ्रेमपर्यंतचं अंतर मोजा. जिथं फरक येईल तिथं फाळ झिजलाय किंवा दांडा वाकलाय. सेकंडहँड नांगराला नवा रंग दिसला तर वेल्डिंगचा जोड आधी खरवडून पाहा. नवा फाळ घेताना धारेवर कानस घासा. चांगल्या कडक पोलादाला ती कमी चावते, मऊ डुप्लिकेटला लगेच चावते.

उन्हाळी नांगरटीच्या घाईत हा धंदा जोरात चालतो. ट्रॅक्टर गॅरेजला देण्याआधी उजव्या रॉडची पिन-ते-पिन लांबी मडगार्डच्या आतल्या बाजूला खडूनं लिहून ठेवा. लिफ्ट उघडायचीच असेल तर समोर उभं राहा आणि काढलेली जुनी सीलं, पिस्टन परत मागा. "फेकून दिलं" म्हणाला, तर पैसे देण्याआधी टेप लावून रॉड पुन्हा मोजा.