झोपवून काढलेला एक्स-रे आणि ‘सात अंश कमी’ झालेला बाक

वाढत्या वयातल्या मुलीला स्कोलिओसिस, म्हणजे कण्याला बाजूला बाक, निघाला असेल आणि कुणी ‘ब्रेस (कण्याला आधार देणारं कवच) नको, ऑपरेशन नको, नुसत्या व्यायामाने कणा सरळ करून देतो’ म्हणत असेल, तर पैसे भरण्याआधी हे वाचा. आमचे साठ हजार गेले आणि तेवढ्या काळात लेकीचा बाक वाढला.

सुरुवातीला तो 29 अंश होता. पाळी आलेली नव्हती, म्हणजे उंची भराभर वाढायचा काळ पुढेच. हाडांच्या डॉक्टरांनी ब्रेस सांगितला, दिवसाचे अठरा तास. वाढ बाकी असताना 25 ते 40 अंशांच्या बाकाला हेच सांगतात. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिका-कॅनडातल्या अभ्यासात ब्रेस वापरणाऱ्या 72 टक्के मुलांचा बाक वाढ थांबेपर्यंत 50 अंशांच्या आत राहिला. नुसतं लक्ष ठेवलेल्यांत हे प्रमाण 48 टक्के होतं. पण युनिफॉर्मच्या आत प्लास्टिकचं कवच घालून शाळेत जायचं म्हटल्यावर पोरगी रडून रडून हैराण झाली. नेमकी त्याच आठवड्यात मोबाईलवर या सेंटरची जाहिरात आली.

तिथल्या सरांच्या नावामागे ‘डॉ.’ होतं. “ताई, ब्रेसने स्नायू लुळे पडतात. तीन महिने द्या, झिरो करून दाखवतो.” जाहिरातीत ‘श्रॉथ थेरपी’ ठळक अक्षरांत. ही पद्धत खरी आहे बरं का. कॅथरिना श्रॉथ या जर्मन बाईंना स्वतःला बाक होता, 1921 मध्ये त्यांनी जर्मनीतल्या माइसन शहरात इतरांना शिकवायला सुरुवात केली. ज्याचं जसं वळण, तशी शरीराची ठेवण आणि दबलेल्या बाजूत श्वास भरायचा. जाणकार फिजिओ हे आरशासमोर शिकवतात, घरी रोज करायला लावतात आणि ब्रेस लागणार असेल तर त्याच्या जोडीने करून घेतात. इथे मात्र बाक उजवीकडे असो की डावीकडे, सगळ्या मुलांना तेच: मशीनचा मसाज, बारला लटकणं, थोडी योगासनं.

पॅकेज संपताना त्यांनी आपल्याच ओळखीच्या लॅबमध्ये एक्स-रे काढला. फिल्मवर पेन्सिलीच्या रेघा मारून आकडा लिहिला, 22. पेढे वाटायचेच बाकी होते! पुढच्या पॅकेजचा फॉर्म टेबलावर तयार.

ती फिल्म जुन्या डॉक्टरांनी उजेडावर धरली आणि पहिला प्रश्न विचारला, “हिला झोपवून काढला का?” लेक म्हणाली, हो. मग त्यांनी आमचा आधीचा, उभ्याने काढलेला एक्स-रे शेजारी लावला. त्यात डाव्या बाजूला जठरातला हवेचा फुगा आणि त्याखाली पाण्याची सरळ आडवी रेघ दिसत होती. नव्या फिल्ममध्ये ती रेघ नव्हतीच, म्हणजे झोपवूनच काढलेली. आडवं झालं की कण्यावरचा भार उतरतो आणि बाक आपोआप कमी दिसतो. बाक मोजताना त्याच्या वरच्या आणि खालच्या टोकाच्या मणक्यांवर रेघा मारतात, इथे त्याही सोयीच्या मणक्यांवर मारलेल्या. डॉक्टरांनी त्याच फिल्मवर मोजले तर 27 आले. उभ्याने नवा एक्स-रे काढला, 36.

तेव्हा ‘आधी-नंतर’च्या फिल्म दाखवल्या तर दोन्ही उभ्याने काढल्यात का, वरचा-खालचा मणका तोच धरलाय का, हे विचारा. मोजमाप सेंटरबाहेरच्या हाडांच्या डॉक्टरांकडून करून घ्या. चार-पाच अंशांच्या फरकावर तर नाचूच नका, एकच फिल्म दोघांनी मोजली तरी तेवढं इकडेतिकडे होतं. फिजिओची नोंदणी महाराष्ट्रात ओटीपीटी (ऑक्युपेशनल थेरपी आणि फिजिओथेरपी) कौन्सिलकडे असते, नंबर मागायला लाजू नका. आमच्या सरांनी तो विषय हसण्यावारी नेला होता.

पावती नीट वाचली तर तिच्यावर थेरपीचं नावच नाही, ‘वेलनेस मेंबरशिप, नॉन-रिफंडेबल’ असं छापलेलं. तरी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 नंबरवर तक्रार नोंदवली. सेंटरने उत्तर पाठवलं की मुलीने घरी व्यायाम केले नाहीत! आता जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज दिलाय. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही, पण दोन वर्षांच्या आत जावं लागतं. दोन्ही फिल्म, पावती आणि ‘झिरो करून दाखवतो’ म्हणणारे व्हॉट्सॲप मेसेज जोडलेत. तुमच्याकडेही असे मेसेज असतील तर डिलीट करू नका.