घर बांधायचंय: चौरस फुटाचा भाव की सविस्तर अंदाजपत्रक?

लातूर असो, परभणी असो की बीड, प्लॉट घेतलेला माणूस आधी एकच विचारतो: "चौरस फुटाला काय भाव चाललाय?" गुत्तेदारही लगेच आकडा सांगतो. समजा १,००० चौरस फूट आणि भाव १,८००, म्हणजे १८ लाख, झाला सौदा. दुसरा मार्ग म्हणजे इंजिनिअरकडून नकाशा आणि आरसीसी ड्रॉइंग करून घ्यायचं, त्यावरून खोदाई किती ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट), सळई किती किलो, विटा किती हे काढायचं आणि प्रत्येक कामाला वेगळा दर लावायचा, हेच सविस्तर अंदाजपत्रक. याला फी लागते, वेळही जातो. तरी माझं मत ठाम आहे: बांधावं की थांबावं एवढंच ठरवायचं असेल तर चौरस फुटाचा भाव पुरतो, करार मात्र अंदाजपत्रकावरच करावा.

मराठवाड्यात याचं सगळ्यात मोठं कारण जमिनीखाली आहे. आपली काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते. पाया तिच्यात ठेवून चालत नाही, खाली मुरमापर्यंत जावं लागतं. आता हिशेब बघा. १२ कॉलमचं घर, प्रत्येक खड्डा ५ बाय ५ फूट. मुरूम ५ फुटांवर लागला तर खोदाई १५ ब्रास. शेजारच्याच प्लॉटवर तो ९ फुटांवर लागला तर २७ ब्रास. शिवाय प्रत्येक कॉलम जमिनीखाली ४ फूट वाढला, त्याची सळई आणि काँक्रीट वाढलं, आणि भरावाला बाहेरून मुरूम आणावा लागला. चौरस फुटाच्या भावात या दोन्ही घरांची किंमत सारखीच. मग फरकाचा भार जातो कुठे? एक तर गुत्तेदार "एक्स्ट्रा" मागतो, नाही तर ५ फुटांवरच थांबतो. दुसरं जास्त वाईट, कारण ते दिसतं भिंती तडकल्यावर. अंदाजपत्रकात खोदाईचा दर ब्रासवर असतो. खोली वाढली की मोजमाप वाढतं, वादाला जागा राहत नाही. म्हणून कोणताही आकडा मान्य करण्याआधी प्लॉटवर एक-दोन चाचणी खड्डे घ्याच.

सळईचंही तसंच. चौरस फुटाला साडेतीन-चार किलो हा ठोकताळा सगळे वापरतात, आणि ढोबळ अंदाजाला तो ठीक आहे. पण ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप पाहिलेल्या भागात सळई ठोकताळ्यावर सोडू नये. किती, कोणत्या जाडीची, सळयांना बांधणाऱ्या रिंगा किती अंतरावर, हे ड्रॉइंगमध्येच असावं.

चौरस फुटाच्या भावात आणखी एक खाच आहे: फूट कोणते? स्लॅबचे की आतल्या खोल्यांचे? जिना, पाण्याची टाकी, सेप्टिक टँक, कंपाउंड भिंत बहुतेकदा या भावाबाहेरच राहतात आणि शेवटी पुढ्यात येतात. उलट, भाव उतरले तर त्याचा फायदाही तुम्हाला मिळत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून सिमेंटवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. ज्याच्या कागदावर गोण्यांची संख्या होती, त्याला तो फरक मागता आला.

वेळेचा अंदाज दोन्हीकडे कच्चाच असतो, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. अंदाजपत्रक पैसे मोजतं, थांबण्याचे दिवस मोजत नाही. स्लॅब टाकल्यावर गाळा, म्हणजे दोन आधारांमधलं अंतर, मोठा असेल तर टेकू १४ दिवस काढायचे नाहीत. तिथे माणसं वाढवून काही होत नाही. पावसाळ्यात नदीतला वाळूउपसा बंद असतो. दसऱ्यानंतर बीडकडची कितीतरी कुटुंबं ऊसतोडीला जातात, मजूर कमी पडतात. एप्रिल-मे मध्ये क्युरिंगला, म्हणजे काँक्रीट ओलं ठेवायला, टँकर लागतो, आणि २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलेल्या लातूरकरांना ते वेगळं सांगायला नको.

माणूस स्वतःच्या कामाला लागणारा वेळ नेहमी कमी धरतो, हे कानमन आणि ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्येच मांडलं होतं. त्यावर त्यांचा उपाय साधा होता: आपल्या कामाकडे न बघता तसल्याच झालेल्या कामांकडे बघा. म्हणजे गुत्तेदाराला "कधी देणार?" विचारू नका, त्याने बांधलेल्या शेवटच्या तीन घरांच्या मालकांना विचारा, भूमिपूजन कधी, राहायला कधी गेलात. मग प्रत्येक टप्प्याला तीन आकडे धरा. स्लॅबला सगळं जमलं तर १८ दिवस, नेहमीसारखं चाललं तर २५, अडलंच तर ५०. मधल्या आकड्याची चौपट करून बाकीचे दोन मिळवा आणि सहाने भागा: २८ दिवस. ही रीत १९५८ मध्ये अमेरिकी नौदलाच्या क्षेपणास्त्र प्रकल्पासाठी निघाली; घरालाही चालते.

शेतातली एक खोली, गोठा किंवा आहे त्या घरावर पत्र्याचं काम असेल तर अंदाजपत्रकाच्या भानगडीत पडू नका, ओळखीच्या गवंड्याशी चौरस फुटावर बोला. कर्ज काढून बांधत असाल तर मात्र पर्यायच नाही, बँक इंजिनिअरच्या सहीचं अंदाजपत्रक मागतेच. ते फक्त बँकेच्या फायलीत ठेवू नका. त्याचीच प्रत कराराला जोडा, आणि हप्ते तारखेवर न देता प्लिंथ (जोतं), स्लॅब, प्लास्टर असे प्रत्यक्ष मोजमाप झाल्यावर द्या.