इंजिन जाम नव्हतंच

आमच्या गोठ्याच्या मागे 1966 सालची टाटा मर्सिडीज, मालट्रक, उभी आहे. लांब बॉनेट, नाकावर तारा. टेल्को (आजची टाटा मोटर्स) आणि जर्मनीच्या डाइमलर-बेन्झचा करार 1954 ते 1969 होता, त्या काळातली. बाबांनी तिच्यातून कोल्हापूरचा गूळ मुंबईला नेला, खंबाटकी घाट किती वेळा चढले याचा हिशेब त्यांनाही नव्हता. 1998 पासून गाडी जागची हललेली नाही.

बाबा गेल्यावर ती पुन्हा सुरू करायची हौस मला आली, आणि तिथंच मी सापडलो. एका ओळखीच्या ओळखीनं एक मिस्त्री आला. जुन्या गाड्यांचा स्पेशालिस्ट म्हणे. बोलणं गोड, हात तेलकट, बरोबर सोळा-सतरा वर्षांचा एक पोरगा. मिस्त्रीनं पुढच्या पुलीच्या नटला मोठा पाना लावला, त्यावर पाईप चढवला आणि मलाच म्हणाला, "घ्या दादा, ओढा." मी लटकलो. पाना बोटभर हलला आणि दगडासारखा थांबला. "बघितलंत? पिस्टनच्या रिंगा लायनरला चिकटल्यात. इंजिन जाम."

85 हजार ठरले. नवे लायनर (पिस्टन ज्यात वरखाली होतो ती नळकांडी), पिस्टन, रिंगा, हेडचं म्हणजे इंजिनच्या वरच्या झाकणाचं काम, वर डिझेलचा पंप आणि डिझेल उडवणारे नोझल. 40 हजार आधी दिले. हेड आणि मायकोचा पंप तो टेम्पोत घालून "उद्यमनगरात करून आणतो" म्हणून घेऊन गेला. पावती मागितली तर हसला. "घरच्या माणसाला काय पावती?" या वाक्याला मी विरघळलो, हे लिहिताना अजून लाज वाटते.

बावीस दिवसांनी सगळं परत आलं. लायनर-पिस्टन त्यानं वाड्यातच बसवले, मी कामावर होतो तेव्हा. इंजिनला हिरवा रंग, नवे नट-बोल्ट. पाना लावला तर अलगद फिरलं. मला इतका आनंद झाला की उरलेले 45 हजार लगेच मोजून दिले. "महिनाभर तेल मुरू द्या, सेल्फ मारू नका, मी येऊन सुरू करून देतो," एवढं सांगून गेला. नंतर फोन बंद.

दोन महिने वाट पाहून बाबांच्या वेळचे एक म्हातारे फिटर काका बोलावले. त्यांनी इंजिनला हातही लावला नाही, आधी विचारलं, "पाना अडकला तेव्हा केबिनमध्ये कोण होतं?" मी म्हटलं, तो पोरगा. हँडब्रेक बघतो म्हणून चढला होता. काका नुसते माझ्याकडे बघत राहिले. मग मला आठवलं, वर जाताच कट्‌कन आवाज झाला होता. पोरानं गाडी पहिल्या गिअरला टाकली होती! हवा गेलेल्या सहा टायरांवर बसलेला ट्रक मी पान्यानं ढकलायला बघत होतो.

आणि आई आतून म्हणाली, "जाम कसं होईल? हे दर खंडेनवमीला अर्धा फेरा द्यायचे की." बाबांची वही निघाली. नोझल काढून प्रत्येक भोकात थोडं ऑइल सोडायचं, पान्यानं हळू फिरवायचं, सायलेन्सरच्या तोंडावर डालड्याचा डबा उपडा घालायचा. तारखांसकट सगळं लिहिलेलं. ही वही मी आधी उघडली असती तर!

काकांनी हेड उतरवलं. लायनरच्या वरच्या काठाला माझं नख घासायला लावलं, ते अडकलं. रिंग जिथवर पोचते तिथवर लायनर झिजतो आणि वर कड राहते. नव्या लायनरला कड नसते. म्हणजे लायनर, पिस्टन सगळे बाबांच्याच वेळचे, वरून फक्त पुसलेले.

खरा घाव पंपाचा. वहीतला नंबर आणि आता बसवलेल्या पंपाच्या प्लेटवरचा नंबर वेगळा. या पंपाचे प्लंजर आणि बॅरल, म्हणजे आतला दांडा आणि त्याची नळी, जोडीनंच घासून बनवलेले असतात, एकाचा दुसऱ्याला चालत नाही. त्यामुळे चांगला जुना पंप हौशी लोक हवी ती किंमत देऊन घेतात. आमच्या गळ्यात मारलेल्या पंपाची रॅक, म्हणजे डिझेल कमी-जास्त करणारी पट्टी, गंजून फुल डिझेलवर अडकलेली होती. मी हौसेनं सेल्फ मारला असता तर इंजिन सुसाट सुटलं असतं, स्टॉप ओढूनही थांबलं नसतं. अशी गाडी पहिल्यांदा सुरू करताना काका हवेच्या पाईपवर दाबायला फळी घेऊन एक माणूस उभा करतात. हवा तोडली की ती मरते.

पोलिसांत तक्रार दिली. पावती नाही, फोटो नाही. साहेबांनी लिहून घेतलं, एवढंच.

कुणी मिस्त्री तुमच्या बंद गाडीला पाना लावायला आला तर गिअरची दांडी स्वतःच्या हातानं हलवून न्यूट्रल बघा आणि केबिनला कुलूप घाला. पंप बाहेर जाण्याआधी नंबरचा फोटो काढा, हेड बसण्याआधी लायनरला नख लावा.

आमच्या पंपाची प्लेट उजव्या कोपऱ्यात तुटलेली आहे आणि तिथला एक रिव्हेट बाबांनी तांब्याच्या तारेचा ठोकलाय. असा पंप कुणी तुम्हाला विकायला आणला तर भाव करण्याआधी विचारा, कुठल्या गाडीचा.